आमच्याकडे भांडणं होत नाहीत

पेणला माझ्या सासरी भांडणं होत नसत. हे मला लग्नाआधीच सांगण्यात आलं होतं. सांगताना सासूबाईंचा चेहरा असा होता, की आमच्या घराण्यात कुणाला दमा नाही हे सांगताहेत. मी नम्रपणे मान डोलावली. मनात म्हटलं, मग ही माणसं दिवसभर करतात तरी काय?

मी खांबजवळच्या एका गावातली. भात काढलं की त्याच ओलीवर वाल पेरायचे, वाल निघाले की लग्नं उरकायची आणि मधल्या रिकाम्या वेळात भांडायचं, असा आमच्या गावाचा वर्षाचा बेत. बांध कोरला म्हणून भांडण, वरच्या शेतातलं पाणी वेळेवर सोडलं नाही म्हणून भांडण, आपली कोंबडी शेजारच्या परड्यात अंडं घालून आली म्हणून भांडण. शब्दही भरपूर होते. थोडक्यात आटोपलं तर 'वाजलं' म्हणायचं. दोघंही हटेनात तर 'जुंपली'. बायका असल्या तर पुरुष त्याला 'कालवा' म्हणत, आणि पुरुष असले तर बायका काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. गावकीसमोर गेलं की त्याचा 'कज्जा' होई.

यातलं काहीही असलं तरी एक गोष्ट ठरलेली. भांडणाचा आवाज कानावर पडला की सोडवायला धावायचं. हातातलं काम टाकून धावायचं, चुलीवरचं दूध उतू गेलं तरी चालेल. भांडणारेही त्याच भरवशावर भांडत. धरायला माणूस येताना दिसला की आवाज आणखी चढे, 'सोड मना, आज ठेवीत नाय त्याला!' आणि धरणाऱ्याने हात जरा सैल केला तर भांडणारा कावराबावरा होऊन त्याच्याकडे बघे. एकदा माझी आई आणि शेजारची काकू बांधावर भिडल्या. नेमकं अख्खं गाव कोलाडला लग्नाला गेलेलं. दोघी बोलून बोलून दमल्या, पण सोडवायला चिटपाखरू येईना. शेवटी काकू म्हणाली, "कोनच येत नाय गो." आई म्हणाली, "व्हय ना. चल, चाय टाकतंय." ते भांडण तसंच अर्धवट राहिलं आहे, अजून निकाल लागायचाय.

अशी मी पेणच्या त्या घरात गेले. नवरा आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो आणि लग्न आमचं आम्हीच ठरवलं. त्यावरून दोन्ही घरांत जे काही झालं, त्याला माझ्या माहेरी 'वाजलं' म्हणतात आणि सासरी 'विचारविनिमय'. सासरची मंडळी एके काळची जमीनदार. जमिनी गेल्या तेव्हा सगळे शिकले आणि शिक्षक, डॉक्टर, वकील झाले. सासरे मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा आवाज इतका हळू, की वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोरांना त्यांचं मराठी पोचलं कसं, हे मला कोडंच होतं.

लग्नाला महिनाही झाला नसेल. एका सकाळी नवऱ्याने माझा ओला टॉवेल गादीवर टाकला आणि वर म्हणाला, तूच टाकला असशील. मी काय बोलले ते आठवत नाही, पण आवाज खांबच्या शेतातला होता, आणि घर पेणचं, भिंतीला भिंत लागून. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि एक शब्द न बोलता त्यांनी रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या. ओसरीवरून सासऱ्यांचा आवाज आला, "काही मतभेद झाले का?"

मी थांबले आणि वाट बघितली. सोडवायला कुणीच आलं नाही. नवरा टॉवेल उचलून वाळत घालायला निघून गेला. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. मी रडले, खरंच रडले, आणि सगळ्यांना वाटलं टॉवेलामुळे.

संध्याकाळी सासऱ्यांनी मला जवळ बसवून शब्दांचा धडा दिला. वादाला विषय लागतो, भांडणाला माणूस पुरतो. विषय संपला की वाद संपतो, भांडण मात्र विषय संपल्यावरच रंगात येतं. ज्याला विषयही नको आणि निकालही नको, तो वितंडवाद. तंटा म्हटला की त्यात जमीन आली. हुज्जत घालायची ती कंडक्टरशी नाहीतर मासळीबाजारात, घरच्यांशी नव्हे. बाचाबाची फक्त वर्तमानपत्रात होते. आज माझी बाचाबाची झाली असं कुणी घरी येऊन सांगत नाही. कलह हा शब्द भविष्य सांगणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला आहे. आणि झगडायचं ते परिस्थितीशी, नवऱ्याशी नाही.

"आणि नवरा हीच परिस्थिती असली तर?" मी विचारलं.

ते हसले नाहीत, पण वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि ते बराच वेळ हलत होतं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

कुरबुर आणि धुसफूस हे दोन शब्द त्यांनी वगळले होते, कारण ते स्वयंपाकघरातले. तिथे सासूबाईंचं राज्य, आणि धुसफूस करावी तर त्यांनीच. रागावल्या की त्या भांडी आपटत नसत, उलट फार हळू ठेवत. डाव पातेल्यात ठेवल्याचा आवाज आला नाही, की सगळं घर सावध होई.

"अबोला राहिला," मी धड्याच्या शेवटी म्हटलं होतं, आपलं लक्ष होतं हे दाखवायला. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तो यात धरत नाहीत. त्यात शब्दच नसतात." आणि उठून आत गेले. मी काहीतरी भलतंच बोलले एवढं मला कळलं, काय ते कळलं नाही.

ते सासूबाईंनी सांगितलं. माझ्या सासऱ्यांना एक धाकटा भाऊ. रोह्याला राहणारे, तिथल्या कोर्टात जन्मभर वकिली केलेले. त्यांना आम्ही रोह्याचे काका म्हणत असू, पण ते पाठीमागे, कारण समोर ते कधी यायचेच नाहीत. दोघा भावांत कित्येक वर्षं एक शब्द झाला नव्हता. पेण ते रोहा हे अंतर ते काय, वाटेत नागोठण्याला चहा घेतला तर तो पचायच्या आत माणूस पोचतो.

आणि कारण काय, तर वालाचं बिरडं.

त्यांची आई गेली, तिचं वर्षश्राद्ध झालं, आणि दुसऱ्या दिवशी गोडाला कंटाळून सगळे बिरडं-भात जेवायला बसले. काकांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, चांगलं झालंय, पण आई कांदा घालायची. सासरे म्हणाले, आई बिरड्यात कांदा कधीच घालत नसे. खोबरं, आमसूल, गूळ, बस्स. काका वकील, ते म्हणाले, माझी साक्ष आहे. सासरे शिक्षक, ते म्हणाले, साक्ष चुकीची आहे. इथपर्यंत हसू चाललं होतं. मग सासरे त्यांच्या त्या हळू आवाजात बोलून गेले, "तू मुंबईला मामाकडे शिकायला होतास. आईच्या हातचं तुला मिळालं किती दिवस, की तुला आठवावं?"

काका उठले, हात धुतला आणि चपला घातल्या. पानात बिरडं तसंच राहिलं. त्यानंतर ते पेणला आले नाहीत आणि हे रोह्याला गेले नाहीत.

"बाबा त्याला मतभेद म्हणतात," मी म्हटलं.

"मतभेदात माणूस भरल्या पानावरून उठत नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी हातातली वाटी इतकी हळू ठेवली की मला टाचणी पडल्याचंही ऐकू आलं असतं.

सासूबाई आणि रोह्याच्या काकू या दोन्ही जावांनी मात्र या प्रकरणात भाग घेतला नव्हता. त्या भेटत, एकमेकींकडे राहत आणि वस्तूंची ने-आण अखंड चालू ठेवत. पेणहून पोह्याचे पापड रोह्याला जात, रोह्याहून कडवे वाल पेणला येत. सासरे ते वाल निवडताना म्हणत, "यंदा दाणा बारीक आहे." हा निरोप काकूंमार्फत रोह्याला पोचे. पुढच्या खेपेला काकांचं उत्तर येई, पापड जाड झालेत म्हणून. माझ्या मते दोघांचं उत्तम चाललं होतं. फक्त ते बोलत नव्हते.

मग एका दिवाळीनंतर रोह्याच्या काकू एकट्याच आल्या आणि स्वयंपाकघरात बसून रडल्या. काकांचा एक कान केव्हाच गेला होता. दुसराही चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यंत्र लावून थोडे दिवस निघतील, पण पुढे त्याचाही उपयोग नाही. कान गेल्याचं काका कुणाला कळू देत नव्हते. समोरचा बोलला की मान हलवत, आणि वकील असल्यामुळे ती मान हो म्हणते की नाही हे आधीही कुणाला कळत नसे.

सासूबाईंनी रात्री जेवताना विषय काढला. भाऊजींना ऐकू कमी येतं हल्ली.

"तो आधीही कुणाचं ऐकत नसे," सासरे म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी ताक मागितलं नाही. ताकाशिवाय त्यांचं जेवण पुरं होत नसे.

नंतर सासूबाई माझ्या खोलीत आल्या, दार लावलं आणि म्हणाल्या, "यांच्या मनात आहे गं. पण हे बोलायला जातील तोवर भाऊजींना ऐकू येणार नाही. मग जन्मभर हे मनात घेऊन बसतील, आणि ते मला बघवणार नाही. तुझ्या माहेरी भांडणं मिटवतात ना? काय करतात?"

एवढ्या वर्षांत माझ्या माहेरच्या भांडणांना पहिल्यांदाच मान मिळत होता. मी ताठ बसून सांगितलं, "पोपटी लावतात."

पोपटी हे आमच्या भागातलं थंडीचं वेड. कोवळ्या-निबर वालाच्या शेंगा मीठ-ओवा लावून मडक्यात भरायच्या, खाली-वर रानातल्या भांबुर्ड्याचा वासाचा पाला दाबायचा, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवून द्यायचं. सगळीकडे असंच करतात. पण आमच्या घरची एक जादा रीत होती. विझल्यावर ते तापलेलं मडकं काढायला दोन माणसं लागतात, दोन्ही बाजूंनी ओलं गोणपाट धरून. आमच्याकडे ती दोन माणसं कोण, हे भांडणावरून ठरे. वर्षभरात ज्यांचं वाजलं असेल त्यांनीच मडकं काढायचं. तापलेलं मडकं मुकाट्याने काढता येत नाही. धर, उचल, तिकडून घे, हळू, असं काहीतरी तोंडातून निघतंच, नाहीतर शेंगा मातीत. आणि एकदा 'धर' म्हटलं की पुढचं सोपं जातं.

सासूबाईंना हे फार आवडलं. मला मात्र काळजी वाटली. आमची भांडणं मडक्याएवढी असत. हे मोठं होतं.

तरी पौषात आम्ही बेत केला. सासऱ्यांना माझ्या वडिलांचं आमंत्रण होतं, व्याह्यांना नाही म्हणणं सभ्यपणात बसत नव्हतं. काकांना आणायची जबाबदारी माझ्या भावावर. तो धाटावला कंपनीत होता. पहिली शिफ्ट संपवून तो रोह्याला गेला आणि काकांना स्कूटरवर मागे बसवून, काकूंना एसटीत घालून, उन्हं उतरायच्या वेळेला शेतावर हजर झाला. काकांना कुठे जायचं ते काकूंनी सांगितलं होतं, पण त्यांना ऐकू किती आलं होतं देव जाणे. स्कूटरवरून उतरून त्यांनी समोर थोरल्या भावाला बघितलं आणि बघतच राहिले. इतक्या वर्षांत दोघंही म्हातारे झाले होते, आणि ते एकमेकांना कुणी कळवलं नव्हतं.

 दोघांना दोन पाटांवर बसवलं, मध्ये जाळ. पाहुण्यांच्या शाकाहाराचा मान म्हणून मडक्यात अंडी घातली नव्हती, त्याचं माझ्या नवऱ्यालाच काय ते दुःख झालं. जाळ विझला. वडिलांनी मडक्यावर पाण्याचे चार थेंब मारून बघितले, चर्र झालं, झाली पोपटी. मग त्यांनी दोन ओली गोणपाटं उचलली, एक सासऱ्यांच्या हातात दिलं आणि एक काकांच्या.

"गुरुजी, आमची रीत हाय. ज्यांचं भांडण झालंय त्यांनी मडकं काढायचं."

"आमचं भांडण नाही," सासरे सौम्यपणे म्हणाले. "आमचे मतभेद आहेत."

"असतील. मडकं तेवढंच तापलंय."

माझे वडील दुसरी-तिसरी शिकलेले. पण या वाक्यावर सासऱ्यांनी बाह्या वर केल्या. दोघे भाऊ उठले, मडक्याच्या दोन्ही बाजूंना वाकले, गोणपाटं लावली.  सासूबाई आणि काकू एकमेकींचा हात धरून होत्या.

सासरेच आधी बोलले. त्यांना किती जड गेलं असेल ते मला त्यांच्या मानेवरून दिसत होतं. "डावीकडून धर," ते म्हणाले.

काकांनी वर बघितलं नाही, हात हलवला नाही.

"अरे, डावीकडून धर."

काही नाही. काका मडक्याकडे बघत तसेच वाकलेले. सासऱ्यांनी गोणपाट सोडलं, सरळ उभे राहिले आणि सासूबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला वाटलं, चुकलं आपलं, माणसाचा आणखी अपमान केला आपण. "मी बोललो," ते हळूच म्हणाले. "दोनदा बोललो. त्याच्या मनात नाही."

"भाऊजींचे कान गेलेत हो!" सासूबाई म्हणाल्या. "ओरडा ना जरा!"

सासरे जन्मात ओरडले नव्हते. वर्गात नाही, घरात नाही, पोराच्या लग्नात वरातीचा बँड भलतीकडे गेला तेव्हाही नाही. त्यांनी एकदा आमच्याकडे, एकदा मोकळ्या शेताकडे बघितलं. लावायला खिडकी नव्हती. मग खाली वाकले, गोणपाट धरलं, आणि पोटातून आवाज काढला.

"डावीकडून धर!!"

काका दचकले. "ओरडतोस कशाला?" तेही ओरडले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही.

"तुला ऐकू येत नाही म्हणून!"

"मग इतकी वर्षं का नाही ओरडलास?"

 मडकं दोघांनी उचललं, मला वाटतं नुसत्या रागाने, आणि ते मध्ये तसंच धरून दोघं समोरासमोर उभे राहिले.

"आई कांदा घालायची!" काका ओरडले.

"नव्हती घालत!"

"घालायची! सुट्टी संपून मी मुंबईला निघायचो ना, त्या दिवशी पहाटे उठून माझ्या डब्यासाठी वेगळं करायची! मला तिकडे कांद्याची सवय लागली होती म्हणून! तू झोपलेला असायचास!"

 मी सासऱ्यांच्या जवळ होते, त्यांचे डोळे भरलेले मला दिसले. काकांना ते दिसले की नाही कोण जाणे, पण त्यांचा आवाज तसाच. "मला आठवतं! रोज मिळत नव्हतं म्हणूनच आठवतं!"

"मग त्याच दिवशी सांगायचंस!" सासरे ओरडले, आणि आवाज फाटला. "पानावरून उठलास कशाला? सांगायचंस ना!"

आता यात माझ्या गावाचा दोष नाही. आवाज कानावर पडला की धावायचं, एवढंच त्यांना माहीत. माझा चुलता विहिरीवर पाणी आणायला गेला होता, त्याला आधीचं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला दिसलं ते एवढंच, की दोन म्हातारे तापलेलं मडकं मध्ये धरून एकमेकांवर ओरडताहेत. त्याने हंडा फेकला. शेजारच्या शेतात पोपटी लावून बसलेली मंडळी उठली, पलीकडच्या बांधावरून दोघं-तिघं उड्या मारत आले. बघता बघता मडकं कुणीतरी काढून घेतलं, माझ्या चुलत्याने सासऱ्यांच्या कमरेला मिठी मारली, दुसऱ्या दोघांनी काकांना दंडाला धरून मागे ओढलं. "जाऊं द्या हो वकीलसाहेब!" "गुरुजी, तुमच्यासारक्याला शोभत नाय!" किती मायेने सोडवत होते! आमच्या गावात एवढं चांगलं भांडण कित्येक दिवसांत सोडवायला मिळालं नव्हतं.

आणि पेणच्या त्या घरातला तो माणूस, भांडण हा शब्द ज्याने आपल्या घरापुरता शब्दकोशातून काढून टाकला होता, तो माझ्या चुलत्याच्या मिठीत धडपडत, धोतर सुटायला आलेलं, घसा फोडून ओरडला, "सोडा! सोडा मला! आत्ता कुठे सुरू झालंय! भांडू द्या आम्हाला!"

चुलत्याने हात सैल केले. सवयीने त्याला वाटलं असेल की आता हे कावरेबावरे होतील. सासरे सरळ चालत भावापाशी गेले आणि त्याचे दोन्ही खांदे धरले. "नव्हती घालत!" त्यांनी त्याच्या कानात सांगितलं. काका हसले. हसता हसता खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले, तसेच मोठ्याने, त्यांना कळतच नव्हतं किती मोठ्याने. काकूंनी तोंडाला पदर लावला. सासूबाईंनी शेंगा निवडायला घेतल्या, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. त्या वर्षीच्या पोपटीत थोडी माती गेली होती. आम्ही ती फुंकून फुंकून खाल्ली.

त्यानंतर सासरे दर शनिवारी रोह्याच्या गाडीने जायचे आणि संध्याकाळी घसा बसवून परत यायचे. मी गरम पाण्यात मीठ घालून द्यायची. एकदा विचारलं, "काय बोलता हो तुम्ही एवढं?"

"वाद," ते म्हणाले. "तो म्हणतो घालायची. मी म्हणतो नव्हती घालत."

"पण बाबा, तुम्हाला पटलंय ना? डब्यातलं?"

त्यांनी गुळण्या केल्या, तोंड पुसलं. "पटलं त्याच दिवशी. पण मी हो म्हटलं तर तो बोलेल काय? त्याला आता दुसऱ्या कुणाचं काही ऐकू येत नाही, माणसं दोन वाक्यं बोलून कंटाळतात. माझ्यावर चिडतो तेवढाच तासभर बोलतो."

वादाला विषय लागतो म्हणाले होते. विषय संपू नये म्हणून कुणी एवढं जपताना मी तोवर बघितलं नव्हतं.

पुढे काकांचा दुसराही कान पुरता गेला, यंत्राचा उपयोग संपला. तरी शनिवार चुकला नाही. काका 'नव्हती घालत' हे शब्द भावाच्या तोंडावरून ओळखायचे आणि लगेच हात वर करून सुरू व्हायचे. काकांच्या शेजाऱ्यांनी एकदा काकूंना विचारलं, तुमच्याकडे दर शनिवारी भांडण होतं का? काकू म्हणाल्या, हो, देवाच्या दयेने.

काका एका पावसाळ्यात गेले. सासरे रोह्याला जाऊन आले, सगळं व्यवस्थित केलं, कुणासमोर रडले नाहीत. शनिवार आला की सकाळी कपडे करायचे आणि ओसरीवर बसून राहायचे. आमच्या घरात पुन्हा सगळं हळू झालं, सासूबाईंची भांडीसुद्धा.

हिवाळ्यात काकूंनी रोह्याहून वाल पाठवले, नेहमीसारखे. सासऱ्यांनी ते निवडले, पण दाण्याबद्दल काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी वाल मोड आणून सोलून ठेवले होते. सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. तिथे ते कधी येत नसत.

"आज कांदा घालून कर," मला म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कांदा चिरला. कांद्याने डोळ्यांतून पाणी येतं याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

जेवायला बसलो. त्यांनी भातावर बिरडं घेतलं, कालवलं, एक घास खाल्ला. बराच वेळ तोंडात घोळवला. मग मान वर केली, समोरच्या रिकाम्या पाटाकडे बघितलं आणि त्या रोह्याच्या आवाजात, बहिऱ्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "घालायची! आई कांदा घालायची!"

रस्त्याने जाणारी दोन माणसं थांबली. सासूबाई खिडकी लावायला म्हणून उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, आणि तिला हात न लावता परत येऊन पानावर बसल्या.